६८ किलोमीटरची फेरी, आणि घरी न सांगितलेली गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

 

मी मूळचा कोल्हापूरचा. बीटेक केलं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि आता दोन-अडीच वर्षं जर्मनीत, फ्रँकफर्टजवळ आहे. सॉफ्टवेअरमध्येच. वय अठ्ठावीस. मला या भागात खरं तर 'परदेशात नोकरी कशी शोधावी' यावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मी एका चालण्याच्या वाटेबद्दल बोलतो. नोकरीची गोष्ट त्यातच येईल, कारण नोकरी गेली नसती तर मी त्या वाटेला गेलोच नसतो.

तर सुरुवात करतो २०२५ च्या एप्रिलपासून. महिन्याचा शेवटचा आठवडा. दुपारी कॅलेंडरवर एक मीटिंग आली, पंधरा मिनिटांची, विषय काहीच लिहिलेला नाही. ज्यांनी असल्या मीटिंगा पाहिल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. आमची अख्खी टीमच बंद करत होते. इथं नोटीस पीरियड मोठा असतो, आणि पुष्कळदा त्या काळात 'येऊ नका, पगार मिळेल' असं सांगतात. मलाही तसंच सांगितलं. लॅपटॉप परत, ओळखपत्र परत, जुलैअखेरपर्यंत पगार.

ऐकायला मजा वाटते ना? तीन महिने फुकट सुट्टी! पण माझं इथं राहण्याचं कार्ड नोकरीला बांधलेलं. नोकरी संपली की नवी शोधायला मोजकेच महिने. आणि खरी अडचण वेगळीच होती. जानेवारीत माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: रोज चाला, आणि टेन्शन घेऊ नका. पहिली गोष्ट बाबांच्या हातात होती. दुसरी माझ्या हातात आहे असं मी ठरवून टाकलं. म्हणून घरी सांगितलं नाही.

पहिला आठवडा मी खोलीतच होतो. सकाळी उठायचं, अर्ज करायचे, नकार वाचायचे, दुपारी झोपायचं. एका दिवशी माझ्या लक्षात आलं की मी कालचाच टी-शर्ट घालून कालच्याच चहाच्या कपातून चहा पितोय. म्हटलं, हे काही खरं नाही. बूट घातले आणि बाहेर पडलो.

मी तेव्हा हेडर्नहाइम नावाच्या भागात राहायचो. तिथून नीडा नावाची छोटी नदी जाते. पंचगंगेच्या मानाने ओढाच म्हणा. नदीकाठच्या रस्त्यावर एक पाटी दिसली, त्यावर एक विचित्र प्राणी. डुकरासारखं तोंड, अंगाला शेपूट, आणि वर पंख. मला वाटलं कुठल्या तरी बालवाडीची पाटी असेल. घरी येऊन शोधलं तर कळलं की हा फ्रँकफर्टच्या हिरव्या पट्ट्याचा प्राणी. रॉबर्ट गेर्नहार्ट नावाचे कवी आणि व्यंगचित्रकार होते, त्यांनी तो २००१ च्या सुमाराला शहरासाठी काढला. डुक्कर, पाणपाल आणि साळुंकीच्या जातीतला एक पक्षी, तिघांचं कडबोळं.

आता हा हिरवा पट्टा म्हणजे काय? जर्मनमध्ये म्हणतात ग्र्युनग्युर्टेल. ग्र्युन म्हणजे हिरवा, ग्युर्टेल म्हणजे कंबरपट्टा. फ्रँकफर्ट म्हटलं की आपल्याला बँका, उंच इमारती आणि विमानतळ आठवतो. पण त्या सगळ्याभोवती जंगल, शेतं, फळबागा, नदीकाठ यांचं एक कडं आहे. साधारण ८ हजार हेक्टर, म्हणजे शहराच्या क्षेत्रफळाचा जवळपास एक तृतीयांश भाग. १९९१ मध्ये शहराच्या सभागृहाने एकमताने ठराव केला की हे कडं असंच राखायचं. एकमताने! सगळ्या पक्षांनी. आणि या कड्यातून फिरणारी एक चालायची वाट आहे, गोल, सुमारे ६८ किलोमीटर. जिथून निघाल तिथंच परत येता.

मला लगेच आठवला रंकाळा. आमच्याकडे फिरायला जायचं म्हणजे रंकाळ्याला फेरी मारायची. कुठं पोहोचायचं नसतं, फेरी पुरी करायची असते. बाबा वीस वर्षं ती फेरी मारत आले होते. डॉक्टरांनी सांगायच्या आधीपासून.

म्हटलं, हे आपल्याला जमेल. ६८ किलोमीटर एका दमात नाही, पण तुकडे करून. प्रत्येक तुकडा अशा ठिकाणी तोडायचा की जिथून ट्राम, मेट्रो किंवा बस मिळेल. महिन्याला ५८ युरोचं तिकीट माझ्याकडे होतंच, ज्यावर देशभरातल्या लोकल गाड्या चालतात. म्हणजे वरचा खर्च शून्य. बेकार माणसाला हे महत्त्वाचं असतं, हसू नका.

नियम केला: सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अर्ज आणि मुलाखतीची तयारी. मंगळवारी चालायचं. मंगळवारच का? शनिवार-रविवारी सगळं शहर तिथं असतं, पोरंबाळं, कुत्री, सायकली. त्यांच्यात मला उगाच लाजल्यासारखं व्हायचं. जसं काही माझ्या पाठीवर लिहिलंय, याला नोकरी नाही.

पहिला तुकडा नीडाच्या काठाने, प्रवाहाबरोबर खाली. वाटेत नीडा पार्क लागतं. १९८९ मध्ये इथं राष्ट्रीय बागप्रदर्शन भरलं होतं, त्यानंतर ही मोठी मोकळी कुरणं लोकांसाठी राहिली. मागे ३३७ मीटर उंच दूरसंचार मनोरा दिसतो, त्याला लोक शतावरी म्हणतात, दिसतोच तसा. नीडा एके काळी वळणावळणाची होती. पूर येतो म्हणून विसाव्या शतकात तिला सरळ केली, अगदी पट्टी घेऊन ओढल्यासारखी. आता पुन्हा जमेल तिथं तिला वळणं देतायत, जुने तुटलेले फाटे जोडतायत. मी एका पुलावर उभा राहून हे सगळं फोनवर वाचत होतो आणि मला आमच्या कामाची आठवण झाली. आधी कोणीतरी घाईत सगळं सरळ करून टाकतं, मग तीस वर्षांनी दुसरं कोणीतरी बसून ते निस्तरतं.

त्या दिवशी बारा किलोमीटर झाले. पाय भरून आले होते. पण रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.

पुढच्या एका मंगळवारी माइन नदी ओलांडून पलीकडे गेलो, श्वानहाइमला. तिथं काय आहे सांगू? वाळूची टेकडी. समुद्र नाही, वाळवंट नाही, आणि मधेच पांढरट वाळू. हिमयुगाच्या शेवटी, साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, वाऱ्याने माइनच्या पात्रातली वाळू उडवून इथं आणून टाकली. तेव्हापासून ती तिथं आहे. १९८४ पासून संरक्षित. वाळूवर पाय द्यायचा नाही, लाकडी फळ्यांची वाट केलीय, तिच्यावरूनच चालायचं. वाकडीतिकडी पाइनची झाडं, राखाडी गवत. आणि मान वर केली की समोर केमिकल कारखान्यांची धुराडी. दोन्ही एकाच फोटोत येतात.

तिथं एक आजोबा भेटले. दुर्बीण घेऊन बसलेले. माझं जर्मन तोडकंमोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून. त्यांनी विचारलं, सुट्टीवर आहेस का? मी पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं: नाही, नोकरी गेली. ते म्हणाले, अच्छा. आणि मला दुर्बीण दिली. एक छोटा पक्षी दाखवला, नाव सांगितलं, ते मला अजूनही उच्चारता येत नाही. बस, एवढंच. मला वाटलं होतं खरं सांगितलं की काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. तरी घरी सांगायचं धाडस झालं नाही ते नाहीच.

आता येतो जंगलाकडे. फ्रँकफर्टच्या दक्षिणेला मोठं शहरी जंगल आहे, श्टाटवाल्ड. १३७२ मध्ये शहराने हे जंगल सम्राट चौथ्या कार्लकडून विकत घेतलं, ८,८०० गुल्डेन देऊन. १३७२ म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य चालू होतं, त्या काळची गोष्ट. तेव्हापासून ते शहराच्या मालकीचं. अर्थात सगळं छान छान नाही. विमानं डोक्यावरून जातात, उन्हाळे कोरडे गेल्यामुळे बीचची बरीच झाडं शेंड्याकडून वाळलेली दिसतात. जंगल आहे म्हणून ते आपोआप टिकतं असं नाही.

या जंगलात एक गंमत आहे. वाटेवर एक झाड आहे, तुम्ही जवळून गेलात की ते तुमच्यावर पाण्याची बारीक धार सोडतं. माणसं आणि कुत्री कायम झाडांवर मुततात ना, तर हे झाड उलट करतं. हिरव्या पट्ट्यात अशा विनोदी कलाकृती ठिकठिकाणी ठेवल्यात. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी दचकून एवढा मोठ्याने ओरडलो की समोरून येणाऱ्या बाई पोट धरून हसायला लागल्या.

आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला.

मंगळवार, १० जून. इथं अकरा, कोल्हापुरात अडीच. जेवणं उरकून आई निवांत बसलेली. मी गडबडीत उचलला.

"कुठं आहेस रे? मागं झाडं दिसायलीत."

"फिरायला आलोय गं."

"आज मंगळवार न्हवं? ऑफिस नाही?"

आता बघा नशीब. फ्रँकफर्टमध्ये एक स्थानिक सण असतो, वेल्डशेसटाग. वेल्डशेन म्हणजे छोटं जंगल, टाग म्हणजे दिवस. पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी असतो, जुन्या काळापासून लोक त्या दिवशी जंगलात जत्रेला जातात आणि पूर्वी बरीच दुकानं, ऑफिसं दुपारी बंद व्हायची, काही अजूनही होतात. तो मंगळवार नेमका तोच होता. मी म्हटलं, "आई, आज इथली जत्रा आहे. सुट्टी दिलीय." आणि खरंच लांबून बँडचा आवाज येत होता. आईला जत्रा दाखवली, पाळणा दाखवला. ती खूश. म्हणाली, आपल्या जोतिबासारखंच की.

फोन ठेवला आणि मी तिथल्या एका बाकावर बसलो. सगळं खरं सांगून मी खोटं बोललो होतो. जत्रा खरी, सुट्टी खरी, फक्त माझी नव्हती. इतकं वाईट मला नोकरी गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्याच तुकड्याच्या शेवटी गोएथे टॉवर लागतो. पूर्ण लाकडी मनोरा, ४३ मीटर उंच, १९६ पायऱ्या. मूळचा १९३१ चा. २०१७ मध्ये कोणीतरी त्याला आग लावली, एका रात्रीत राख झाला. लोकांनी देणग्या दिल्या आणि २०२० मध्ये पुन्हा तसाच लाकडी उभा केला. वर गेलो. शहर, जंगल, विमानतळ सगळं दिसतं. वर एक मुलगी तिच्या मैत्रिणीला सांगत होती की जळला त्या दिवशी तिची आजी रडली होती. एका मनोऱ्यासाठी. मला आश्चर्य वाटलं, पण मग वाटलं, उद्या रंकाळ्याचा संध्यामठ ढासळला तर बाबा काय करतील?

पुढचा मंगळवार. १७ जून. ओबरराड नावाचा भाग. इथं शहराच्या हद्दीतच भाजीची शेतं आहेत आणि ती एका खास पदार्थासाठी प्रसिद्ध आहेत, हिरवा सॉस. सात पालेभाज्या बारीक चिरून दह्यासारख्या दाट सायीत कालवतात, बटाटे आणि उकडलेल्या अंड्यांबरोबर खातात. सातात एक आहे ती आपल्या आंबट चुक्याची बहीणच. मी शेताच्या कडेला उभा राहून एक पान चघळलं, आणि एकदम आईच्या चुक्याच्या भाजीची चव आली. शेंगदाणे घातलेली, लसणाची फोडणी दिलेली. अशा वेळी काय होतं ते घर सोडून राहणाऱ्यांना माहितीय.

तिथून थोडं बाजूला, माइनच्या काठावर एक पुतळा आहे. पुतळा म्हणजे, नाहीच आहे. नुसता चौथरा. त्यावर लिहिलंय 'इश', म्हणजे 'मी'. मागे पायऱ्या. कोणीही चढायचं आणि स्वतःचा पुतळा व्हायचं. हान्स ट्राक्सलर यांची कल्पना, २००५ ची. लोक वर चढून फोटो काढतात. मीही चढलो, एक सेल्फी काढला. आणि फोन वाजला. आई.

"आज पण जत्रा आहे काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली 'मी' लिहिलेलं, वर मी उभा, आणि तोंडातून शब्द नाही. पायऱ्या उतरून गवतावर बसलो आणि सांगून टाकलं. एप्रिलपासूनचं सगळं. आई गप्प. मग म्हणाली, "थांब, बाबांना देते."

मला म्हणायचं होतं, नको. पण फोन गेला होता.

बाबा म्हणाले, "किती महिने पगार आहे?"

"जुलैपर्यंत."

"जेवतोस का नीट?"

"हो."

"मला का सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर म्हणाले होते ना, टेन्शन..."

"म्हणजे मला काहीतरी होईल म्हणून सांगितलं नाहीस. आता सांगितलंस. झालं का काही?"

मला हसू आलं, रडूही आलं. मग बाबा थोडं थांबले आणि आवाज खाली करून म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस. मी पण तीन आठवडे फेरी मारलेली नाही. रोज जातो, रंकाळ्यावर बाकावर बसतो आणि तासाने घरी येतो. चालायला लागलो की छातीत काही होईल असं वाटतं. होत काही नाही. पण भीती वाटते."

मंडळी, बघा. मी त्यांना टेन्शन नको म्हणून खोटं बोलत होतो, ते आईला टेन्शन नको म्हणून खोटं बोलत होते. दोघंही चालण्याबद्दलच. मी चालत होतो आणि ऑफिसात आहे असं सांगत होतो. ते बसत होते आणि चालतोय असं सांगत होते.

त्याच दिवशी दोन गोष्टी ठरल्या. एक, बाबांनी त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून ही भीती सांगायची. ते गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सावकाश चाला, थोडं थोडं वाढवा, धाप लागली तर थांबा. हे मी सल्ला म्हणून सांगत नाहीये. तुमच्या घरी कोणी असं असेल तर त्यांच्याच डॉक्टरांना विचारा. मी एवढंच म्हणेन की घरच्यांना नुसतं 'चाललात का' असं विचारू नका, 'चालताना कसं वाटतं' तेही विचारा. मी पाच महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, मंगळवारी दोघांनी एकदम चालायचं. कोल्हापुरात संध्याकाळचे सहा म्हणजे इथं दुपारचे अडीच. एका कानात बाबा, समोर वाट. बोलायचो फार कमी. ते म्हणायचे, "शालिनी पॅलेस आला." मी म्हणायचो, "माझ्याकडे सफरचंदाची बाग आलीय." ते म्हणायचे, "केंदाळ काढायला माणसं लागलीत." मी म्हणायचो, "इथं मेंढ्या चरतायत." थोड्या वेळाने ते म्हणायचे, "मी बसतो आता दोन मिनिटं." मीही बसायचो.

सफरचंदाच्या बागांबद्दल सांगायचं राहिलं. फ्रँकफर्टच्या ईशान्येला एक लांबट टेकडी आहे, बर्गर रुकेन. तिच्या उतारावर जुन्या पद्धतीच्या फळबागा आहेत, म्हणजे मोठी पसरलेली झाडं, खाली गवत. या भागाची सफरचंदाची आंबट वाईन प्रसिद्ध आहे. पुढे लोरबर्ग लागतो, १८५ मीटर उंच. उंची ऐकून हसू नका, आपल्या पन्हाळ्यापुढे ते काहीच नाही. पण तिथून अख्खं फ्रँकफर्ट समोर पसरलेलं दिसतं. उतारावर छोटा द्राक्षमळा आहे, शहराच्या हद्दीत. मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं होतो. त्याच्या आदल्या दिवशी एक मुलाखत झाली होती, तिसरी फेरी. समोर त्या सगळ्या काचेच्या इमारती, त्यातल्या एकीत मी तीन महिन्यांपूर्वीपर्यंत बसत होतो. कुठली ते शोधायला लागलो, आणि सापडेना. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात.

शेवटचा तुकडा म्हणजे बोनामेसचा जुना विमानतळ. हे ठिकाण मला सगळ्यात जास्त आवडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य इथून हेलिकॉप्टर उडवायचं, १९९२ पर्यंत. ते गेल्यावर प्रश्न पडला, एवढ्या काँक्रीटचं करायचं काय? सगळं उखडून नेणं महाग. मग २००३ च्या सुमाराला त्यांनी काय केलं, धावपट्टीचा काही भाग तसाच ठेवला, लोकांना स्केटिंग, सायकल करायला. उरलेलं काँक्रीट फोडलं आणि तुकडे तिथंच पसरून ठेवले. कुठं मोठे, कुठं बारीक. आणि वाट बघितली. कोणी झाडं लावली नाहीत. फटींतून आधी गवत आलं, मग फुलं, मग बर्चची झाडं. खड्ड्यांत पाणी साठलं, बेडूक आले. आता तुम्ही धावपट्टीवरून चालत जाता आणि हळूहळू तुमच्या दोन्ही बाजूंना रान सुरू होतं. जुन्या कंट्रोल टॉवरमध्ये कॅफे आहे.

तिथल्या एका काँक्रीटच्या ढेकळावर बसून बाबांशी बोलत होतो, तेव्हा ईमेल आला. डार्मश्टाटमधल्या कंपनीचा, नोकरी मिळाल्याचा. पगार आधीपेक्षा कमी. काम जुन्याच सिस्टीम सांभाळायचं. मी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरं झालं. आता फेरी पुरी कर, मग बोलू." आणि खरंच, घरापर्यंतचे उरलेले थोडे किलोमीटर होते. चालत गेलो. जिथं ती पहिली पाटी दिसली होती, तिथं पोहोचलो. तोच विचित्र प्राणी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणी कमेंटमध्ये लिहाल. चाललो म्हणून नोकरी मिळाली नाही. नोकरी ९४ अर्ज, सात मुलाखती आणि एका जुन्या सहकाऱ्याने केलेल्या शिफारशीमुळे मिळाली. चालण्याने एवढंच झालं की आठवड्याला एक दिवस असा होता की ज्याच्या शेवटी मी म्हणू शकत होतो, आज एवढं पूर्ण झालं. अर्जांचं तसं नसतं. अर्ज पाठवता, आणि मग काहीच होत नाही.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर चार कामाच्या गोष्टी. एक, पूर्ण फेरीचा विचार करू नका, तुकडे करा, आणि तुकडा बस मिळेल तिथं संपवा. दोन, नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. जंगलात रेंज जाते, आणि व्हिडिओ कॉलवर बॅटरी तर जातेच. तीन, नवे बूट घालून लांब जाऊ नका. माझ्या टाचांनी हे शिकवलंय. चार, युरोपात असाल तर उंच गवतातून आल्यावर पाय तपासा, गोचिडी असतात. म्हशीच्या अंगावरच्या आपण बघितल्यात, इथं माणसालाही चावतात आणि त्यातून आजार होतात.

आणि फ्रँकफर्टला नसाल तर? तर तुमच्या गावाचा नकाशा उघडा. डिसेंबरमध्ये बहिणीच्या लग्नाला घरी गेलो तेव्हा बाबांनी एक कागद काढून ठेवला होता. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे पेनने कोल्हापूर काढलेलं. रंकाळ्यापासून पंचगंगा घाट, तिथून न्यू पॅलेस, मग टेंबलाईची टेकडी, शिवाजी विद्यापीठाचा परिसर, खाली कळंबा तलाव आणि परत रंकाळा. गोल. मी म्हटलं, "बाबा, हे सगळं जोडणारी वाट कुठाय?" ते म्हणाले, "वाट नाही. जागा आहेत."

मला हे फार खरं वाटलं. आपल्या बहुतेक गावांत जागा आहेत. तलाव आहे, टेकडी आहे, देवराई आहे, कॉलेजचं आवार आहे. मधली जोडणी नाही. फूटपाथ येतो आणि गायब होतो, आणि जागांवर कोणाकोणाचे डोळे असतात. फ्रँकफर्टमध्येही हे कडं आपोआप राहिलं नाही. कोणीतरी नकाशावर रेघ मारली आणि सगळ्यांनी मिळून ती मान्य केली.

लग्नाच्या गडबडीत आम्हाला एकच तुकडा जमला. रंकाळा ते पंचगंगा घाट. पहाटे निघालो, थंडी होती. बाबा वाटेत दोनदा थांबले, मी काही विचारलं नाही, नुसता थांबलो. घाटावर चहा घेतला. कागदावर त्यांनी त्या तुकड्यावर बरोबरची खूण केली आणि तारीख घातली. उरलेले तुकडे मे महिन्यात करायचेत. तोपर्यंत मंगळवार चालू आहे. आता मला ऑफिस असतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत चालतो, वीस मिनिटं. ते रंकाळ्यावर, मी डार्मश्टाटच्या एका बागेत.

तुमच्या गावाच्या अशा जागा जोडून फेरी होते का, बघा. झाली तर कागदावर काढून फोटो पाठवा, पुढच्या कुठल्यातरी भागात त्यावर बोलू. आणि ज्याला काही सांगायचं राहून गेलंय, त्याला आज फोन करा. चालता चालता बोललं की जरा सोपं जातं.